"नुसती हवाच तर आहे": दाबाखालच्या वायूने होणाऱ्या इजा

सांधेजोड

नमस्कार मंडळी. चोवीस वर्षं देखभाल विभागात काढली. आधी वेल्डर, मग फिटर, आता पाळी सांभाळतो. हा धागा उघडायचं कारण मागच्या महिन्यात घडलं.

आमच्याकडचा एक हेल्पर, वय वीस-एकवीस. पाळी सुटायच्या वेळी हवेच्या नळीने अंगावरची धूळ उडवत होता. सगळेच उडवतात. त्याच्या तळहातावर पत्र्याने कापल्याची एक चीर होती. नॉझल नेमका त्या चिरेवर टेकला आणि ट्रिगर दाबला गेला. एक सेकंद, फार तर दोन. हात झटकून म्हणाला, "काही नाही काका, मुंग्या आल्या जरा." रक्ताचा टिपूस नव्हता. मी म्हणालो, बस थोडा वेळ, पाणी पी.

अर्ध्या तासात मनगट फुगलं, तासाभरात सूज कोपराकडे चढली. कातडी दाबली की आत चुरचुर व्हायचं, वाळका पाला बोटांत चुरडावा तसं. तेव्हा कुठे मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "इतका वेळ काय करत होतात?" तो प्रश्न त्याला नव्हता, मला होता.

हात वाचला. तीन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. आमच्या लाइनला ७ किलो दाब असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ७ किलो, किंवा साधारण १०० पीएसआय (दर चौरस इंचावर १०० पौंड). कुठल्याही वर्कशॉपमध्ये एवढा असतोच.

विजेला माणूस भितो, फिरत्या शाफ्टपासून लांब राहतो, तापलेल्या लोखंडाला हात लावत नाही. हवेला कोणी भीत नाही, कारण ती दिसत नाही आणि आपण दिवसभर तीच घेतो. नव्या पोरांना हे कसं समजावता? तुमच्याकडे काय काय घडलंय? हातचं न राखता लिहा. मीही लपवलेलं नाही.

नीलाक्षी

मी अपघात विभागात काम करते. तुम्ही उशीर कबूल केलात हे फार बरं केलंत, कारण अशा इजांमध्ये खरं नुकसान त्या उशिरातच होतं.

चुरचुर म्हणजे कातडीखालच्या थरांत अडकलेली हवा. नुसती हवा असती तर ती काही दिवसांत आपोआप जिरली असती. पण कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर तेलाचे थेंब, गंज, पाणी आणि नळीतली घाण आत जाते, आणि तीही खोलवर, जिथे साबणपाणी पोहोचत नाही. म्हणून त्याला ठेवून घेतलं असणार. सूज वाढत गेली तर हाताच्या आतल्या कप्प्यांतला रक्तपुरवठा अडू शकतो. तसं झालं तर कप्पे उघडून मोकळे करावे लागतात.

याच्याही पुढची इजा ग्रीस गन, रंगाचा एअरलेस स्प्रे आणि हायड्रॉलिक नळीच्या बारीक छिद्राने होते. तिथे दाब शेकडो बार असतो (एक बार म्हणजे तुमचा साधारण एक किलो). रोगी येतो तेव्हा बोटाच्या टोकावर टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका असतो आणि दुखतही फारसं नसतं. आत मात्र रंग किंवा तेल बोटाच्या स्नायुबंधाभोवतीच्या म्यानातून तळहातापर्यंत पसरलेलं असतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जातं, कधी वेळेत होऊनही जातं. "बारीक भोक आहे, मलम लावून सोडा" असं म्हणून परत पाठवलेले लोक दुसऱ्या दिवशी काळं बोट घेऊन आलेले मी पाहिले आहेत.

सगळ्यांना विनंती आहे. दवाखान्यात गेल्यावर जखम केवढी ते सांगू नका. दाब किती होता, आत काय गेलं आणि किती वाजता, हे तीन सांगा. उत्पादनाचा डबा किंवा माहितीपत्रक बरोबर आणा.

आणखी एक, उघडपणे लिहिते. मस्करी म्हणून सहकाऱ्याच्या मागच्या बाजूला हवेची नळी धरतात. आतडं एवढा दाब सोसूच शकत नाही, ते फाटतं. नळी आत घालावी लागत नाही, कपड्यांवरूनही हवा आत जाते. पोट ढोलासारखं ताठ होतं आणि माणूस काही तासांत दगावू शकतो. लाजेपोटी रोगी खरं कारण सांगत नाही, आणि आमचा वेळ त्यातच जातो. याला मस्करी म्हणू नका. हा जीवघेणा हल्ला आहे.

अडगळ

ताई, शेवटचा परिच्छेद छापून लॉकररूममध्ये लावतोय. परवानगी गृहीत धरतो.

निळी ज्योत

गॅस कटिंगवाला आहे, म्हणून ऑक्सिजनबद्दल लिहितो. हवेला लोक भीत नाहीत तसे ऑक्सिजनलाही भीत नाहीत, उलट तो प्राणवायू म्हणून जवळचा वाटतो.

आमच्याकडे एकाने रेग्युलेटरचे (सिलिंडरवर बसवतात तो दाब कमी करणारा भाग) आटे घट्ट बसतात म्हणून त्याला ग्रीस लावलं. सिलिंडरचा वॉल्व्ह एका झटक्यात उघडला आणि रेग्युलेटर पेटला. पितळ वितळून ठिणग्यांची पिचकारी उडाली. तो रेग्युलेटरच्या समोर उभा होता. एक डोळा गेला.

ठिणगी नव्हती, ज्योत नव्हती, मग पेटलं कशाने, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. उत्तर सायकलच्या पंपात आहे. भराभर हवा भरली की पंपाचं टोक तापतं, कारण वायू दाबला की गरम होतो. सिलिंडरमध्ये १५० बार आणि रेग्युलेटरच्या बंद पोकळीत १ बार. वॉल्व्ह झटकन उघडला की पोकळीतला वायू क्षणात दीडशे पट दाबाखाली चिरडला जातो. उष्णता बाहेर जायला वेळच नाही असं धरलं तर हिशोबाने तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. प्रत्यक्षात ते एवढं चढत नाही, पण तेलाचा ओशट हात, ग्रीस, धुळीचा कण किंवा रबरी सील पेटायला तेवढं पुरतं. आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये एकदा पेट घेतला की धातूही जळतो.

त्यामुळे आमच्याकडे आता नव्या माणसाला सगळ्यात आधी उभं कुठे राहायचं ते शिकवतात. वॉल्व्ह उघडताना गेजच्या समोर नाही, मागेही नाही, बाजूला. रेग्युलेटरचा स्क्रू आधी पूर्ण सैल. वॉल्व्ह अगदी हळू, काटा सावकाश चढेल इतका हळू. हातमोज्यांना तेल लागलं असेल तर ते बदलून यायचं, मग फोरमन कितीही ओरडो.

आणि सांधेजोड, तुमच्या पोराने निदान हवा वापरली. उन्हाळ्यात ऑक्सिजनची नळी सदऱ्यात घालून गार करून घेणारे लोक आहेत. तो ऑक्सिजन कापडात मुरून बसतो. नंतर एक ठिणगी पडली तर कापड जळत नाही, भडकतं. असं कोणी केलं असेल तर त्याला निदान पाव तास मोकळ्या हवेत उभा करा, कपडे झटकायला लावा आणि तोवर आगीच्या जवळ जाऊ देऊ नका.

थंड वारा

निळी ज्योत यांनी ग्रीसचं लिहिलं. आमच्या धंद्यात तीच चूक दुसऱ्या वेषात येते. मी एसी आणि फ्रीजची दुरुस्ती करतो.

गळती शोधायला पाइपमध्ये दाब भरावा लागतो. त्याला नायट्रोजन वापरायचा असतो. पण गाडीत ब्रेझिंगसाठी (तांब्याचे पाइप ज्योतीने जोडायला) ऑक्सिजनचा सिलिंडर असतोच आणि नायट्रोजनचा आणायला परत जावं लागतं. मग कोणीतरी म्हणतो, वायूच तर आहे, भर. कॉम्प्रेसरच्या पोटात तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की कॉम्प्रेसरचा बॉम्ब होतो. माझ्याबरोबर शिकलेला एक मुलगा असाच गेला. परत जाऊन यायला अर्धा तास लागला असता.

नायट्रोजन वापरतानाही रेग्युलेटर हवाच. भरलेला सिलिंडर १५० बारचा आणि पाइपला सोसतं त्याच्या अगदी थोडं. थेट जोडला तर पाइप फाटणार.

पायवाट

थंड वारा, वाचून वाईट वाटलं. दोन्ही सिलिंडरला वेगवेगळे आटे नसतात का? चुकीचं जोडताच येऊ नये अशी सोय हवी ना?

थंड वारा

असते सोय. ज्वलनशील वायूंना डावे आटे असतात, बाकीच्यांना उजवे, आणि ऑक्सिजनची जोडणी वेगळी. पण बाजारात अडॅप्टर मिळतात, आणि अडॅप्टर लावला की ती सोय तिथेच संपते. रंगावरही विसंबू नका, सिलिंडरचे रंग देशोदेशी वेगळे आहेत. लेबल वाचायचं, आणि लेबल नसेल तर तो सिलिंडर वापरायचाच नाही.

कंत्राटी

सगळ्यांचं वाचलं. बरोबरच लिहिलंय, पण माझा राग समजून घ्या. आम्हाला नगावर पैसे मिळतात. मशीनवरची कीस हवा मारून दहा सेकंदांत जाते, ब्रशने दोन मिनिटं लागतात. दिवसाला दोनशे नग केले तर हिशोब तुम्हीच करा. सुपरवायझर सकाळी सेफ्टीची शपथ देतो आणि दुपारी "अजून झालं नाही?" म्हणून उभा राहतो. पोराने अंगावर हवा मारली म्हणून पोराला दोष देऊन काय होणार? त्याला कपडे झटकायला दुसरं काही दिलं होतं का?

सांधेजोड

कंत्राटी, दोष पोराचा नाही, माझ्या पहिल्या पोस्टमध्येही तो मी त्याच्यावर टाकलेला नाही. तुमचा शेवटचा प्रश्न मला लागला. नाही, काही दिलं नव्हतं. हवेची नळी होती आणि अंगावर लोखंडाची भुकटी होती. तो दुसरं काय करणार होता?

रेघोटी

मी यंत्ररचनेचं काम करते. कंत्राटींच्या वेळेच्या मुद्द्यावर एक उपाय आहे, आणि तो भाषणाचा नाही.

अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमात सफाईसाठी हवा वापरायची मर्यादा ३० पीएसआय आहे, म्हणजे सुमारे २ किलो. सोबत कीस उडून अंगावर येऊ नये म्हणून आडोसा आणि चष्मा हवा. लोकांना वाटतं याचा अर्थ लाइनचाच दाब कमी करायचा, मग हवा फुसकी होते आणि कोणी वापरत नाही. तसं नाही. नॉझलचं तोंड कशावर तरी टेकून पूर्ण बंद झालं तर त्या जागी दाब ३० च्या खाली राहिला पाहिजे, एवढंच. त्यासाठी बाजूला छिद्रं असलेले नॉझल मिळतात. तोंड हातावर टेकलं तर हवा बाजूने निसटते, आत शिरत नाही. मोकळं असताना मात्र झोत जोरकस राहतो. सांधेजोड, तुमच्या हेल्परच्या हातात असा नॉझल असता तर मुंग्यांवरच भागलं असतं.

ही सोय मशीन साफ करायला आहे, अंगासाठी तीही नाही. अंगावरच्या धुळीसाठी व्हॅक्यूमची नळी. दहा सेकंदांच्या फार पुढे जात नाही.

कंत्राटी

रेघोटी, असा नॉझल मी पाहिलेलाच नाही. विचारतो. कोणी आणून दिला तर वापरीन, शब्द देतो.

मैलाचा दगड

ट्रकच्या टायरचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

टायरमध्ये ८ किलो हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ८ किलोचा भार. ट्रकच्या टायरची एक बाजू साधारण ५,००० चौरस सेंटिमीटर भरते. गुणाकार करा, ४० टन होतात. हवा भरताना माणूस त्या बाजूसमोर उकिडवा बसतो, तोंड टायरपासून हातभर अंतरावर. तुकडे जोडून केलेली रिम (टायर बसतो ते लोखंडी कडं) असेल आणि रिंग खाचेत नीट बसली नसेल तर ती रिंग सुटून सरळ छातीवर किंवा डोक्यावर येते.

रिम एकसंध असली तरी धोका संपत नाही. कमी हवेवर खूप पळालेल्या टायरच्या बाजूतल्या पोलादी तारा वाकून वाकून तुटत आलेल्या असतात. बाहेरून काही दिसत नाही. हवा भरताना एकेक करून तुटायला लागतात आणि चेन उघडावी तशी बाजू फाटते. फाटायच्या आधी कधी कधी पटपट आवाज येतो. तो ऐकला की टायरवर वाकून बघायचं नाही, हवा तोडून लांब व्हायचं.

टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचा, नळीला चिमट्याचं तोंड लावायचं, लांब नळी आणि गेज घेऊन बाजूला उभं राहायचं. पिंजरा नसलेल्या ठिकाणी मी आता काम घेत नाही. त्यापायी एक नोकरी सोडली आहे.

पायवाट

एक प्रश्न विचारते, अडाणी वाटला तर माफ करा. सिलिंडर आणि टाक्या तपासताना त्यात पाणी भरून दाब देतात असं वाचलं. वायूच भरायचा आहे तर वायूनेच का तपासत नाहीत?

रेघोटी

अडाणी अजिबात नाही, या धाग्याचा गाभाच तो आहे.

५० लिटरचा सिलिंडर, २०० बार. आतला वायू एकदम सुटला तर जवळपास २० लाख जूल ऊर्जा बाहेर पडते. म्हणजे एक टनाची मोटार सुमारे २०० मीटर उंच फेकता येईल एवढी, किंवा चारेकशे ग्रॅम टीएनटी या स्फोटकाएवढी. तोच सिलिंडर पाण्याने भरून २०० बारला नेला तर पाण्यात साठणारी ऊर्जा त्याच्या चारशेव्या हिश्श्याच्या आसपास असते, कारण पाणी जवळजवळ दबतच नाही. टाकी फाटली तर चिळकांडी उडेल, भिजाल. वायूने तपासताना फाटली तर तपासणारा वाचत नाही.

दाब दोन्हीकडे सारखाच आहे, गेजही तोच आकडा दाखवतं. म्हणून नुसत्या गेजकडे पाहून धोका ठरवू नका, आत वायू आहे का पाणी आणि आकारमान किती, तेही पाहा. कारखान्यातली मोठी हवेची टाकी "फक्त ७ किलोची" असली तरी ती लहान गोष्ट नाही. आणि हवेच्या लाइनला प्लॅस्टिकचा पीव्हीसी पाइप वापरू नका. तो लोखंडासारखा चिरून हिस्स करत नाही, एकदम ठिकऱ्या होऊन उडतो.

काचपात्र

मी प्रयोगशाळेत असते. आमच्या नव्या विद्यार्थ्यांना मी टेक्ससमधल्या एका विद्यापीठाची घटना सांगते. १२ जानेवारी २००६, पहाटेचे तीन. रसायनशास्त्राच्या इमारतीत द्रव नायट्रोजनची एक जुनी टाकी फुटली. तळ उडाला आणि टाकी रॉकेटसारखी छत फोडून वरच्या मजल्यात गेली. खालची काँक्रीटची जमीन तडकली. वेळ पहाटेची होती, म्हणून एकही माणूस जखमी झाला नाही.

कारण काय, तर टाकीचा सेफ्टी वॉल्व्ह आणि फुटण्यासाठीच बसवलेली पातळ चकती, दोन्ही कधीतरी कोणीतरी काढून तिथे पितळी बूच मारले होते. बहुधा गळतात म्हणून. द्रव नायट्रोजनचा वायू झाला की तो सुमारे सातशे पट जागा मागतो. जागा नव्हती, वाटही बंद. बूच मारून बरीच वर्षं झाली होती. रोज लोक तिच्या शेजारून जात होते.

मूक साक्षी

नायट्रोजन निघालाच आहे तर त्याची दुसरी बाजूही लिहितो, कारण तो न फुटताही मारतो.

१९ मार्च १९८१. अमेरिकेच्या कोलंबिया या अंतराळयानाच्या पहिल्या उड्डाणाच्या तयारीत मागचा कप्पा नायट्रोजनने भरलेला होता. आत जायला हरकत नाही असं समजून तंत्रज्ञ आत शिरले आणि कोसळले. दोघांचा जीव गेला. २८ जानेवारी २०२१ ला जॉर्जियातल्या गेन्सव्हिल इथे एका अन्नप्रक्रिया कारखान्यात फ्रीझरमधून द्रव नायट्रोजन बाहेर सांडला आणि सहा जण गेले. काय झालं ते बघायला आत गेलेलेही त्यात होते.

श्वास कोंडल्याची जी तगमग होते ती ऑक्सिजन कमी झाल्याने नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. नायट्रोजनमध्ये माणूस उच्छ्वास नेहमीसारखा सोडत राहतो, म्हणून तगमग होतच नाही. वास नाही, रंग नाही, ठसका नाही. ऑक्सिजन अगदी कमी असेल तर दोन-चार श्वासांत माणूस खाली. दारातून पाहणाऱ्याला वाटतं चक्कर आली, आणि तो धावत आत जातो.

आम्ही एक माणूस असाच घालवला. दुसरा आत जायला निघाला होता, त्याचा पट्टा मी धरून ठेवला. त्याने मला शिव्या दिल्या, हातावर मारलं. आजही तो माझ्याशी बोलत नाही. आत जायचं तर बाहेरून हवा मिळणारा मुखवटा लावून, दोरी बांधून, बाहेर माणूस ठेवून. ते नसेल तर पंखा, दार आणि फोन, एवढंच आपल्या हातात असतं.

नीलाक्षी

मूक साक्षी, तुम्ही तो पट्टा सोडला नाहीत म्हणून एक माणूस जिवंत आहे. तो बोलत नसला तरी.

निळी ज्योत

काचपात्र यांच्या बुचावरून आठवलं. गुस्ताफ दालेन नावाचे स्वीडिश संशोधक होते. दीपगृहांच्या ॲसिटिलीन दिव्यांचे स्वयंचलित नियंत्रक त्यांनी बनवले. १९१२ साली ॲसिटिलीनच्या टाक्यांची सुरक्षा तपासतानाच स्फोट झाला आणि त्यांची दृष्टी कायमची गेली. त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते घ्यायला भावाला जावं लागलं. त्या वायूची नस न नस ओळखणाऱ्या माणसाचे डोळे गेले. कोणी मला "वीस वर्षं हेच करतोय, मला काय शिकवतोस" म्हणालं की मी ही हकिकत सांगतो.

सांधेजोड, तुम्ही विचारलं होतंत समजावायचं कसं. आता मी उलट विचारतो. तुमच्या हवेच्या टाकीचा सेफ्टी वॉल्व्ह शेवटचा कधी तपासला?

सांधेजोड

उशिरा उत्तर देतोय, कारण उत्तर माहीत नव्हतं आणि बघायला गेलो.

दोन टाक्या आहेत. पहिलीच्या वॉल्व्हवर तपासणीची पट्टी आहे, तारीख चालू वर्षाची. दुसरीच्या पट्टीवर रंगाचे दोन हात बसलेत, तारीख वाचता येत नाही. कडी ओढून पाहिली तर हललीच नाही. खालचा ड्रेन उघडला, बादलीभर तांबूस पाणी निघालं. म्हणजे तळ आतून गंजतोय आणि वॉल्व्ह चिकटलेला. या टाकीशेजारी आम्ही टेकून चहा पितो.

हेल्पर सोमवारपासून कामावर येतोय, हलक्या कामावर. मूठ अजून पूर्ण वळत नाही. त्याला रेघोटींच्या नॉझलचा फोटो दाखवला, तो स्टोअरमध्ये जाऊन सहा मागवून आला. व्हॅक्यूमच्या नळीचं मागणीपत्र मी भरलंय.

दुसरी टाकी आज दुपारी लाइनवरून तोडली, दाब सोडला, लाइनच्या वॉल्व्हला कुलूप घातलं. अर्धा विभाग एका कॉम्प्रेसरवर चाललाय. उत्पादनवाल्यांचे तीन फोन येऊन गेले. पाणी भरून दाबाची तपासणी होईपर्यंत ती बंद राहील असं तिघांनाही लेखी कळवलं आहे.